तांबड्यासाठी केलेला नवस

चहा घ्या, तोवर आमच्या तांबड्याचं सांगतो. निवृत्तीनंतर मी कोरगावात गावठी कोंबड्यांची अस्सल जात टिकवायला घेतली. कोंबड्या पुष्कळ, पण अस्सल कोंबडा एकच, तांबडा. तो गेला की जात संपली. मध्यंतरी तो मान टाकून बसला. औषध चालू होतंच, पण माझी घालमेल बघून बायको गावाच्या राखणदाराला नवस बोलून आली. तांबडा पुन्हा आरवला, तेव्हा तिने तो नवस मला सांगितला.

"कोंबो बरो झालो तर तुका कोंबो दितंय, असा सांगलंय."

"कुठला कोंबडा?"

"आपणाकडे कितके आसत?"

मी हबकलो. बाजारातला ब्रॉयलर देऊ म्हटलं, तर म्हणाली, "गावठी खंयचो नि ब्रॉयलर खंयचो ता तुमका कळता, देवाक कळना काय?"

तेव्हापासून तांबडा आरवला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. राखणदारालाही ऐकू जात असणारच. शेवटी बायकोनेच मुदत मागून घेतली: तांबड्याचं पिल्लू मोठं झालं की तो कोंबडा देऊ. मी लगेच खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली.

काल तांबडा पुन्हा शिंकला. बायको पदर खोचून निघाली. मी फाटकात आडवा उभा राहिलो. "या वेळी नारळ बोल हां! फक्त नारळ!"

"बघतंय," ती म्हणाली, आणि जाता जाता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून गेली.