लपवलेला मेनू

शीतलताईच्या लग्नाची पत्रिका पप्पांनी स्वतःच लॅपटॉपवर टाइप करायला घेतली, आणि त्यापायी जमलेली सोयरीक मोडता मोडता वाचली बघा.

नवरदेवाचे चुलते जेवणाचं ठरवायला निलंग्याहून आमच्याकडे उदगीरला आले होते. ते बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते, मी आन् पप्पा आत. लॅपटॉप लहान. वरची बटणांची पट्टी, म्हणजे तो मेनू, अर्धा पडदा व्यापून बसलेला. पत्रिका दिसायचीच न्हाई.

मी म्हणलो, "पप्पा, मेनू लपवून टाका. लई जागा होईल."

पप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून ते बोलतात मोठ्यानं. "समदाच मेनू लपवू?"

"हाव, समदा! कुणाला पाहिजे तो?"

मागं वळून बघतो तर दारात चुलते. हातात कपबशी तशीच.

"पाव्हणं, जागा कमी पडत असंल तर आमची माणसं कमी आणतो. पण मेनू लपवू नका."

पप्पा घाबरून उठले. "अहो, तो मेनू न्हाई! ह्यो बघा, इथं वर होता..." पण पट्टी तर केव्हाच गेलेली.

"म्हणजे आमच्यादेखतच गायब केला की," चुलते म्हणाले.

मी घाईघाईनं पट्टी परत आणली, पुन्हा लपवून दाखवली. तेव्हा कुठं त्यांना हसू आलं. खुर्ची ओढून ते पप्पांशेजारी बसले, चष्मा लावून सगळी पत्रिका वाचली आणि हळूच म्हणाले, "आता जागा झालीच हाय, तर माझं नाव जरा मोठं करा."