नमुन्याची घोंगडी

(नाशिक, द्वारका. सरकारी गोदामाचा ओटा. पौषातली सकाळ. ओट्याखाली ट्रकमधून उतरवलेले घोंगड्यांचे गठ्ठे. ओट्यावर विणकर सहादू, त्याची बायको चांगुणा आणि सरकारी ऑफिसातला रंगनाथ.)

रंगनाथ : सहादूबाबा, आता तरी खरं सांगा. तपासणीचे साहेब आत चहाला बसलेत, तेवढाच वेळ आहे आपल्याला. नमुन्याची घोंगडी किती वर्षांची होती?

सहादू : आधी बसा तुम्ही, भाऊसाहेब. उभ्यानं इचारलं का मानूस फौजदारावानी दिसतो.

रंगनाथ : बसलो. सांगा.

सहादू : घोंगडी ती घोंगडी. तिला कुठं जल्माचा दाखला असतो?

रंगनाथ : बाबा, आत्ता माझ्यासमोर लाखेचं सील फोडलं. नमुना टेबलावर पसरला. साहेबांनी हात फिरवला, त्यांना काही कळलं नाही. मग मी फिरवला. डाव्या कोपऱ्यात चार बोटं रफू आहे. माझी आई गोधड्या शिवायची, रफू माझ्या बोटांना कळतं. नव्या घोंगडीला रफू कशाला लागेल?

चांगुणा : साहेबाच्या हाताला लागलं नाय म्हनता?

रंगनाथ : नाही.

चांगुणा : मग माझंच ते.

रंगनाथ : मावशी, ही कौतुकाची वेळ नाही.

चांगुणा : कौतुक कोन करतंय, भाऊ. बाभळीला अडकून फाटली व्हती. लहानूनं फाडली. आमच्या लेकानं.

रंगनाथ : म्हणजे घरात वापरलेली.

सहादू : माझ्या बापानं ईनली. माझ्या लग्नाच्या आधी.

चांगुणा : हळद लागली तवा मला तिच्यावरच बसवलं. धरा छत्तीस वर्सं.

रंगनाथ : छत्तीस. आणि मी टेंडरचा फॉर्म वाचून दाखवला होता तुम्हाला. सगळा, ओळ न् ओळ.

सहादू : वाचला, नाय कोन म्हनतो? पन वाचून झाल्यावर पारावर काय बोलला, ते आठवा. सगळ्यांच्या देखत बोलला. 'नमुना असा द्या, का साहेबानं हात ठेवला तर उचलू नये. तुमच्याकडची चांगल्यात चांगली.' तुम्ही एस.टी.ला गेला अन् आम्ही अकरा घरं बसलो इचार करीत. नवी कोनीबी दाखवील. नव्या घोंगडीत खळ बोलती, ईनकर बोलत नाय.

रंगनाथ : खळ म्हणजे ती चिंचोक्याची?

सहादू : तीच. शिजवून सुताला पाजावी लागती, नायतर सूत मागावर टिकत नाय. ती निघून जायाला तीन पावसाळं. तवर घोंगडी टोचती, करकर वाजती, अंगाला धरीत नाय. चवथ्या साली ती मानसाची व्हती. आमच्यात सोयरीक जुळवाया आलेला पावना नव्या घोंगडीवर बसत नाय. म्हनतो, जुनी आना. जुनीवरून घर कळतं. मग सरकार म्हंजी पावनाच की. त्याला काय नवी अंथरू?

रंगनाथ : तुम्ही मला विचारायचं तरी.

सहादू : इचारायचं काय त्यात? तुम्ही मागितली, आम्ही दिली. मिलवाल्या व्यापाऱ्यांची कांबळी बाजूला पडली, आपलीवर बोट ठेवलं सायबानं. तुम्हीच पेढे घेऊन आला व्हता.

रंगनाथ : आणलेले पेढे आत्ता घशात आलेत, बाबा. साहेबांनी एका हाताला नमुना धरला, दुसऱ्या हाताला तुमची नवी घोंगडी. म्हणाले, 'या दोन एका गावच्या असूच शकत नाहीत. नमुना कुठून तरी विकत आणलाय या लोकांनी.' चहा झाला की शेरा लिहितील. माल नापास.

सहादू : किती?

रंगनाथ : सगळा.

सहादू : तीनशेच्या तीनशे?

रंगनाथ : हो.

चांगुणा : त्यांना म्हनावं तीन पावसाळं थांबा. मंग हात फिरवा.

रंगनाथ : सरकार तीन पावसाळे थांबत नाही, मावशी.

चांगुणा : व्हय? आमच्या गावच्या रस्त्याला तर धा थांबलं.

सहादू : तू गप.

चांगुणा : का गप? भादव्यापासून सूत कातून माझी बोटं बघा कशी झाल्यात. गावातल्या समद्या बाया कातीत व्हत्या. भाऊंनीच सांगितलं, सुरगाण्याकडं डोंगरातल्या शाळंची लेकरं हायत, उघड्या फरशीवर निजत्यात. मंग हात थांबतो का बाईचा? चाती फिरवता फिरवता ओवी आली,

लोकर पिंजिते बाई, ऊन तापलं भादव्याचं,
डोंगरी सुरगाण्याला लेकरू निजलं कोनाचं.

कोनाचं का असंना. आमाला काय त्याचं तोंड बघायचं व्हतं?

रंगनाथ : त्यांना दुसऱ्या नंबरच्या व्यापाऱ्याची कांबळी मिळतील आता.

चांगुणा : कधी?

रंगनाथ : नवी ऑर्डर, नवी तपासणी... फाल्गुनात पोचतील.

चांगुणा : फाल्गुनात. म्हंजी उन्हाला पांघरायला.

सहादू : भाऊसाहेब, मी जातो आत.

रंगनाथ : कशाला?

सहादू : सांगतो सरळ. म्हनतो, सायेब, चोरीची नाय, इकतची नाय, माझ्या बापाच्या हातची हाय. जुनी हाय म्हनून मऊ. या तीनशेबी अशाच व्हनार. नसंल पटत तर ह्या ओट्यावर माग रोवतो, तुमच्या डोळ्यांदेखत ईनतो.

रंगनाथ : बसा, बाबा.

सहादू : खरं सांगाया काय भ्यायचं?

रंगनाथ : बसा म्हणतो ना. नमुना कोरा, न वापरलेला पाहिजे, असा नियम आहे. जुना दिला म्हणजे सरकारला फसवलं. तुमच्या विणकरांच्या संस्थेचं नाव काळ्या यादीत जाईल. घोंगडी राहू द्या, साधा दोरखंड सुद्धा सरकार तुमच्याकडून घेणार नाही मग. ब्याऐंशीच्या जूनपासून मी ही संस्था उभी करतोय. अकरा अंगठे गोळा केले. लहान कारागिरांना अनामत माफ असते, तो कागद मिळवायला सात वेळा साहेबांच्या दारात उभा राहिलो.

सहादू : ठाऊक हाय. भिकननं माग मोडून चुलीत घालायला काढला व्हता. तुमच्या शब्दावर परत रोवला त्यानं. तो आत्ता ट्रकपाशी हाय. मघाशी इचारीत व्हता, गठ्ठे आत कधी न्यायचे म्हनून.

रंगनाथ : त्याला काय सांगितलंत?

सहादू : म्हनलं, चहा चाललाय.

चांगुणा : भाऊ, येक इचारू? राग धरू नका.

रंगनाथ : विचारा.

चांगुणा : नमुन्याच्या संगं येक कागद जोडला व्हता. त्याच्यावर तुमचीबी सही व्हती. काय लिवलं व्हतं त्याच्यात?

रंगनाथ : ...दाखला होता.

चांगुणा : कसला?

रंगनाथ : की ही घोंगडी संस्थेच्या मागावर नव्यानं विणली. माझ्या समक्ष.

चांगुणा : समक्ष.

रंगनाथ : मी येणार होतो, मावशी. सिन्नरपर्यंत आलोही होतो. पुढची एस.टी. आली नाही आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. बाबा घोंगडी घेऊन ऑफिसात आले. मी उलगडली, हात लावला, वाटलं काय कारागिरी आहे. मी कुठला घोंगडीतला जाणकार? मला वाटलं, चांगली घोंगडी अशीच असते. टेबलावरच सही केली.

चांगुणा : म्हंजी आम्ही जुनी दिली अन् तुम्ही न बघता नवी म्हनली. तिघांनी मिळून सरकारच्या डोक्यावर घोंगडी टाकली.

सहादू : चांगुणा.

चांगुणा : खोटं बोलले का?

रंगनाथ : नाही. खरं तेच बोललात.

सहादू : तुमचं काय व्हईल, भाऊसाहेब?

रंगनाथ : माझं सोडा.

सहादू : सोडा कसं? सांगा.

रंगनाथ : चौकशी लागली तर आधी निलंबन. मग पुढचं पुढं. ऑफिसात दुसऱ्या कुणाची चूक निघाली तर लोक म्हणतात, चुकला बिचारा. माझी निघाली तर म्हणतील, हे लोक असेच, उगाच खुर्चीवर बसवले. आमच्या वसाहतीतून या ऑफिसात गेलेला मी पहिला. माझ्या मागं दोन पोरांचे अर्ज आहेत तिथं.

सहादू : मंग रस्ता काय?

रंगनाथ : एक आहे. साहेबांनीच सुचवलाय. त्यांनाही चौकशीची कटकट नको. संस्थेनं स्वतःहून लिहून द्यायचं, की आमचा माल नमुन्यापेक्षा हलका आहे, आम्ही परत नेतो. मग चौकशी नाही, काळी यादी नाही. फाईल तिथंच मिटते.

सहादू : लिवून आनलंय का तुम्ही?

रंगनाथ : आणलंय.

सहादू : वाचा.

रंगनाथ : 'आम्ही खाली सही करणार असे लिहून देतो की, आम्ही पुरविलेल्या तीनशे घोंगड्या मंजूर नमुन्याच्या तुलनेत हलक्या प्रतीच्या असून...'

सहादू : पुढचं नको.

चांगुणा : हलक्या? कोनी म्हनावं हलक्या? त्यांच्या बापजाद्यांनी लोकर बघितलीया का कधी? निवडून निवडून काळी घेतली. येक केस पांढरा सापडायचा नाय. आमच्या घरात पोटाला कमी पडलं, सुताला कधी कमी पडलं नाय. ह्या कागदावर सही केली तर ती माझ्या सासऱ्याच्या तोंडावर केली.

रंगनाथ : मला कळतंय, मावशी.

चांगुणा : कळतंय तर आनला कशाला?

रंगनाथ : दुसरा आणायला नव्हता म्हणून.

सहादू : भाऊसाहेब, नाव यादीत ऱ्हायलं तर पुढल्या साली परत भरता येईल?

रंगनाथ : येईल. मी स्वतः भरीन. या वेळी कोरी, नवी घोंगडी नमुना म्हणून देऊ.

सहादू : अन् ती टेबलावर मिलच्या कांबळ्याशेजारी पडंल. सायेब हात लावंल, टोचली म्हनून बाजूला सारंल. खरं का नाय?

रंगनाथ : पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, बाबा.

सहादू : सांगा की. तुम्ही खोटं बोलत नाय आमच्याशी.

रंगनाथ : खरं आहे.

सहादू : नवी दिली तर घेत नायत. जुनी दिली तर पटत नाय. आपल्या घोंगडीला टेंडरात जागाच नव्हती म्हना. आपन दोघं दोन वर्सं उगा दार ठोठावीत बसलो, अन् तिथं भिंत व्हती.

रंगनाथ : मला आधी कळायला हवं होतं. माझं काम होतं ते.

सहादू : तुम्ही आला तरी. तुमच्याआधी कोन येत व्हतं आमच्या गावाला? मतं मागायला आले तेवढेच. आना तो कागद.

चांगुणा : अवो.

सहादू : आना. पेनाचं टोपन काढून द्या, मला निघत नाय.

चांगुणा : सही करताय तुम्ही?

सहादू : मी जाऊन खरं बोललो तर माझं काय जातं? माग तर तसाबी बसलाच. जातंय ते या मानसाचं. ज्यानं मला सही शिकवली, त्याची नोकरी माझ्या खरेपनानं घालवू? बाप असता तर त्यानंबी हेच केलं असतं. कुठं करायची?

रंगनाथ : इथं. या रेघेवर.

सहादू : थंडी लय हाय आज. बघा, झाली का नीट? 'स' उलटा तर नाय ना पडला?

रंगनाथ : नीट आहे, बाबा. फार नीट आहे.

सहादू : मंग झालं. भिकनला मी सांगतो. गठ्ठे परत चढवू. त्र्यंबकची जत्रा हाय ना ह्याच महिन्यात, तिथं मांडू थोड्या.

रंगनाथ : किती जातील?

सहादू : जातील वीस-पंचवीस. पावसाला लोक आता प्लास्टिक घेत्यात, थंडीला मिलचं. बाकीच्या ऱ्हातील घरात. चवथ्या साली मऊ व्हतील.

चांगुणा : भाऊ, त्यातल्या थोड्या त्या शाळंला अशाच देऊ का? फुकट. नेऊन टाकतो जीपमधनं.

रंगनाथ : नापास माल शाळेला घेता येत नाही, मावशी. फुकट घ्यायलासुद्धा मंजुरी लागते.

चांगुणा : बरं. मंग तेवढी जुनी तरी द्या आमची. ती तर पास झालेली हाय.

रंगनाथ : ती... ती नाही मिळणार.

चांगुणा : का वो? काम मिटलं ना?

रंगनाथ : नमुना रेकॉर्डला राहतो. पुन्हा सील करून कपाटात ठेवतात. फाईल बंद होईपर्यंत.

चांगुणा : कधी व्हती बंद?

रंगनाथ : सरकारी फाईल बंद होत नाही, मावशी. नुसती वरच्या फळीवर ठेवतात.

सहादू : असू दे, चांगुणा. दिली ती दिली.

चांगुणा : मी कुठं भांडते? भाऊ, तुम्हाला ठाऊक नसंल म्हनून सांगते. बहात्तरच्या दुस्काळात लहानू खडी फोडायच्या कामावर गेला, तिथंच ताप भरला. घरी आनला तवा हीच व्हती अंगावर. पाच दिस व्हती. सहाव्या दिशी मी काढून घेतली. समदी म्हनली त्याच्यासंगं जाऊ दे. मी नाय दिली. म्हनलं, सासऱ्याच्या हातची हाय, घरात ऱ्हाऊ दे.

रंगनाथ : आणि तीच तुम्ही मला दिलीत.

चांगुणा : तुम्ही चांगल्यात चांगली मागितली.

रंगनाथ : मावशी, मी... मी बघतो. आत विचारून बघतो.

चांगुणा : नको. इचारलं तर ते इचारतील का म्हनून. मंग रफू निघंल, मंग तुमची सही निघंल. ऱ्हाऊ दे. कपाट लोखंडाचं हाय का लाकडाचं?

रंगनाथ : लोखंडाचं.

चांगुणा : मंग उंदीर नाय जायाचा. पन कसर लागती, भाऊ. लोकरीला अंधार सोसत नाय. चैतात लिंबाचा पाला नेऊन ठिवा तिच्यात. अन् वर्सातनं येकदा, कोनी नसंल तवा, घडीभर ह्या ओट्यावर ऊन दाखवा तिला.