सुती नोको

राळेगावच्या कापडदुकानात अनघा साड्या पाहत होती. शेजारी तुळसाबाई मुलासाठी पँट मागत होत्या.

"मावशी, ही सुती घ्या. उन्हात थंड राह्यते," दुकानदार म्हणाला.

"सुती नोको, बापू. पोरगा धरणावर मासे धराले जाते."

"काहून? वावर हाये ना तुमचं?"

"कापसात आता काय उरलं? अन् सुती कापड पाणी पेते, पायाले चिपकते. माहा मोठा अतुल तसाच बुडाला. पोहता येत होतं त्याले."

अनघाचा हात साडीवरच थांबला.

दुकानदारानं वरची घडी काढली. "ही नायलॉनची. पाणी धरत नाही, लवकर वायते. सोबत निळा शर्ट देऊ?"

"निळा पाण्यात दिसत नाही. लाल दे."

"माप?"

"अतुलचंच दे. धाकटा आता तेवढा झाला."