बीपच्या खालचे शब्द

नाही नाही, तुम्ही कशाला माफी मागताय — बसा, खुर्ची ओढा, फक्त त्या वायरीवर पाय नको. वडिलांनी रेडिओवर शिव्या दिल्या म्हणून लेक माफी मागायला येते, असं कुणी हल्ली दिसत नाही. आमच्याकडे येतात ते भांडायलाच. पण तो भाग काढून टाका म्हणाल तर ते नाही जमायचं — लोकांनी रिंगटोन केलीय त्याची. काय? शाळेत मुलं त्यांच्या पाठीमागून आमच्या बीपसारखं 'टूंऽऽ' करतात? चित्रकला शिकवतात ना ते? मग मुलं काय, करणारच. आणि उद्या समिती बसणार, त्यांना ठेवायचं की काढायचं — हो, म्हणालात तुम्ही मघाशी.

नियमांचं मला नका सांगू, मी त्यातच म्हातारा झालो. लागलो तेव्हा टेप होती, हातात ब्लेड. नाटकात कुणी 'साला' म्हणालं की तेवढी पट्टी कापायची, टोकं चिकटवायची, शिवी केराच्या टोपलीत. ऐकणाऱ्याला पत्ताही नाही. एक 'हरामखोर' निसटला तर आमच्या साहेबांची बदली झाली — आज बायका नवऱ्याला लाडाने म्हणतात. आता नियम एवढाच, की शिवी ऐकू येता कामा नये. झाका. आणि झाकलेल्या जागी लोक काय करतात — मनातली सगळ्यात घाण शिवी स्वतःच भरतात. मला काही करावंच लागत नाही.

आता तुमच्या वडिलांचा फोन. आमचा निवेदक काय म्हणाला त्यांना — कॉलेजातून बोलतोय, तुमची मुलगी कॉपी करताना सापडली, काढून टाकतोय तिला. साधी गंमत. माणूस तापतो, शिव्या घालतो, मग आम्ही सांगतो, अहो, तुम्ही रेडिओवर आहात. पण हे गृहस्थ तापेचनात. रडवेले. निवेदक म्हणाला, फुकट गेला हा फोन. मी म्हटलं, थांब जरा — हात जोडणाऱ्याला कोण हसणार, खरंय, पण आवाज कापतोय ना? मधले चार-पाच शब्द झाक, की तोच आवाज रागाने कापतो. 'मी तुमच्या टूंऽऽ, तिला टूंऽऽ.' अख्खं ऑफिस पोट धरून हसत होतं. त्याला कान लागतो, शिकवून येत नाही.

काय? शिवी? नाही हो, शिवी कुठे होती. 'मी तुमच्या पाया पडतो, तिला काही बोलू नका.' तेच तेच, पुन्हा पुन्हा —

अच्छा. घरी सांगितलं होतं त्यांनी, शिवी दिलीच नाही म्हणून. आणि तुम्हाला पटलं नाही. मग माझ्याकडे असं काय बघतेस? ज्याच्या तोंडून जन्मात वाकडा शब्द ऐकला नाहीस, त्याचं खोटं वाटलं, आणि आमच्या टूंऽऽचं खरं वाटलं. आईलाही तसंच वाटलं असणार. बाप ओळखता येईना, त्याचं खापर माझ्या मशीनवर कशाला? शिवी झाका म्हणतो नियम. चांगला शब्द झाकू नका असं कुठे म्हटलंय? दाखव, आत्ता नोकरी सोडतो.

मूळ रेकॉर्डिंग नाही. पुसलं. पुसतोच आम्ही, ठेवून काय पूजा करायचीय? समितीपुढे येऊन सांगू मी? मी? नाही, आणि आत्ता जे बोललो ते मी बोललोच नाही. तू जाऊन सांग हवं तर — लेक बापाची बाजू घेणारच, असं म्हणतील, दुसरं काय. आणि रडायचं असेल तर जिन्यात रड, या खोलीत आवाज चालत नाही.

उठ आता. पुढचा फोन लागतोय. एक बाई आहे, मुलगा परगावी असतो तिचा. दार ओढून घे.