फलकावर न मावलेलं

बसची वाट बघत, रस्त्याकडेच्या स्मृतिफलकापाशी दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. धाकटीजवळ कुबडी होती. शेजारी बसलेल्या एका नर्सचा कान त्यांच्याकडेच होता.

“ताई, माझा चष्मा घरीच राहिला. बाबांबद्दल काय लिहिलंय गं?”

“‘गव्हाचं नवं वाण तयार करणारे थोर शेतकरी.’”

“बस्स? स्वभावाचं काहीच नाही?”

“एवढ्याशा दगडावर काय काय मावणार?”

“कमजोर रोप दिसलं, की उपटलंच! दयामाया नाही.”

“म्हणून तर वाण निघालं.”

“मला धडकीच भरायची. माझा पाय हा असा.”

“वेडाबाई! तुला तर कडेवर घेऊन शेतभर फिरायचे.”

“हो ना. आणि रोप उपटायला वाकले, की म्हणायचे, ‘बाळ, तू जरा आभाळाकडे बघ.’”