पाझरणारी मडकी

सोलापूरच्या एसटी स्टँडवर माढ्याच्या गाडीसाठी रांग लागली होती. सावळे गुरुजींच्या पुढं एक जोडपं होतं. बाईच्या पायाशी सुतळीनं बांधलेली पाच मडकी होती.

“रंभे, बालवाडीला पाणी प्यायला एक मडकं बास की!”

“प्यायला न्हाईत वो. लिंबाच्या खालच्या फांदीला टांगायचीत. पोरांनी पाणी वतायचं आन् बोटानं वाजवायचं. जसं पाणी, तसा आवाज.”

“सरपंचांस्नी पटलंय व्हय?”

“कुटलं! म्हनत्यात, बाई अक्षरं सोडून खेळ शिकवती. उद्या दुपारी बघाय येनार हायत. न पटलं तर मडकी उतरवायची.”

“मग नीट बघून तरी घ्यायची. पाची एकाच आवाजाची हायत.”

“सवयच की. कुंभाराकडं वाजवून वाजवून खणखणीत तेवढी घेतली. असू द्या. पाणी कमीजास्त वतलं की आवाज येगळं हुत्यात.”

“कोरी मडकी हायत. सकाळी वतलेलं पाणी पाझरून दुपारी आवाज बदलंल. सरपंच हसतील.”

“मग वतून ठेवतच न्हाई. ते आलं की तांब्या त्यांच्याच हातात देती.”

“आन् त्यांनी वाजवलंच न्हाई तर?”

“सोताच्या हातानं पाणी वतल्यावर न वाजवता कोन ऱ्हातंय?”

खण्ण!

दोघांनी दचकून मागं पाहिलं. गुरुजींनी मडक्यावरचं बोट झटकन मागं घेतलं.