खोलीतून निघताना

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या कचेरीबाहेरच्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही बरेच जण बसलो होतो. माझ्या मागच्या बाकावर एक आई आणि तिची मुलगी.

"व्हिडिओ गेम बनवायला शिकायचं, त्यालाही शिष्यवृत्ती देतात?"

"दिली ना, आई. आता आत जाऊन नुसती सही करायची."

"भलं होवो त्यांचं. आणि मी मेली तुला कायम ओरडायचे, डोळे फुटतील म्हणून."

"ओरडायचीस, पण माझा गेम पहिल्यांदा तूच खेळलीस."

"कसलं खेळणं! राक्षस मागे लागलेला, आणि मी आपली प्रत्येक खोलीतून निघताना दिवा बंद करतेय."

"त्यावरूनच तर सुचलं! अंधार केला की राक्षसाला दिसत नाही, असा गेमच बदलला मी. परीक्षकांना तेच आवडलं. म्हणाले, हे कुठून सुचलं?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या आईमुळे."

"चल, काहीतरीच."

"खरंच गं. आता रडतेस काय? ऊठ, आपल्याला बोलावलंय."

दोघी उठल्या. आत जाता जाता आईचा हात सवयीनं भिंतीवरच्या बटणाकडे गेला, आणि आम्ही सगळे अंधारात.

दिवा लावायला कोणीच उठलं नाही.